अमेरिकेत आई-बाबांसाठी सीनियर हाउसिंग : सेक्शन ८, वेटिंग लिस्ट आणि कोथरूडचा फ्लॅट

नंदिनी_क

आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. आई-बाबा ग्रीनकार्डवर आले, गेल्या वर्षी दोघंही सिटिझन झाले. बाबा ७३, आई ६९. सध्या आमच्याकडेच आहेत. भांडणं नाहीत, पण बाबांचं म्हणणं स्पष्ट आहे : "आम्हाला आमच्या दाराची किल्ली हवी." इथे वन बेडरूमची भाडी बघता ते आम्हाला झेपणारं नाही, कारण मोठा मुलगा पुढच्या वर्षी कॉलेजला जातोय.

देवळात एका काकूंनी सांगितलं की उत्पन्नाच्या तीस टक्के भाडं घेणाऱ्या सीनियर बिल्डिंग असतात, आणि सेक्शन ८ नावाचं व्हाउचर असतं. मी काउंटीच्या साइटवर गेले तर "वेटिंग लिस्ट क्लोज्ड" एवढीच पाटी. म्हणजे संपलं का?

आणखी दोन शंका. बाबांच्या नावावर कोथरूडला वन बीएचके आहे, भाड्याने दिलेला. भाडं आणि पीएफची पेन्शन मिळून महिन्याला साधारण अडीचशे डॉलर होतात. आणि दोघं दर हिवाळ्यात चार-पाच महिने पुण्याला जातात. याने काही अडतं का?

अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. ऐकीव माहिती माझ्याकडे भरपूर जमली आहे.

---

चहाबाज

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच विषय दोन वर्षांत येणार आहे.

---

एडिसनकर

नंदिनीताई, मी सीनियर सेंटरमध्ये फॉर्म भरायला मदत करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी डोक्यातून ही कल्पना काढा की कुठेतरी एकच मोठी रांग आहे आणि तिचा दरवाजा बंद झालाय. रांगा शेकड्यांनी आहेत आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही.

सेक्शन ८ व्हाउचर ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध आणि म्हणून सर्वांत तुंबलेली रांग. पैसा केंद्र सरकारच्या 'हड' या गृहनिर्माण खात्याचा, पण कारभार स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीचा. अशा दोन हजारांहून जास्त ऑथॉरिटी देशभर आहेत आणि प्रत्येकीची यादी स्वतंत्र. व्हाउचर मिळालं की तुम्ही खुल्या बाजारात घर शोधायचं, साधारण तीस टक्के उत्पन्न तुम्ही भरायचं, बाकीचं ऑथॉरिटी थेट घरमालकाला देते. ऐकायला छान आहे. पण हा हक्क नाही. अन्नधान्याच्या मदतीसारखं "पात्र आहात, घ्या" असं इथे चालत नाही. पैसे संपले की संपले. पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला केंद्राची भाडेमदत मिळते. म्हणून यादी वर्षानुवर्षं बंद असते आणि अचानक आठवडाभर उघडते. न्यूयॉर्क शहराच्या ऑथॉरिटीने २००९ च्या अखेरीला बंद केलेली यादी २०२४ च्या जूनमध्ये एक आठवडा उघडली. सहा लाखांवर अर्ज आले, त्यातले दोन लाख सोडत काढून यादीवर घेतले. म्हणजे त्यांना घर मिळालं नाही, फक्त रांगेत उभं राहायला मिळालं!

आता दुसरा प्रकार, जो तुमच्या कामाचा. यात मदत माणसाला नसून इमारतीला चिकटलेली असते. सेक्शन २०२ या कार्यक्रमातून खास ६२ वर्षांपुढच्या लोकांसाठी इमारती बांधल्या गेल्या, बऱ्याचशा चर्च, सिनेगॉग किंवा ना-नफा संस्थांनी. शिवाय प्रोजेक्ट-बेस्ड सेक्शन ८ च्या इमारती. इथेही भाडं उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या हिशेबाने. पण यादी त्या त्या इमारतीच्या ऑफिसात, आणि ती ऑथॉरिटीच्या साइटवर दिसत नाही. ऑफिसातल्या बाईंना फोन करून विचारावं लागतं. काही ठिकाणी फॉर्म अजूनही पोस्टाने मागवून पोस्टानेच पाठवावा लागतो.

माझं मत पक्कं आहे : वयस्कर जोडप्याने इमारतींच्या मागे लागावं. व्हाउचरची यादी उघडली तर अर्ज जरूर टाकावा, पण ती सोडत आहे, तिच्यावर बेत आखता येत नाही. इमारतीत दरवर्षी काही घरं रिकामी होतात. का होतात ते सांगायला नको.

हडच्या साइटवर रिसोर्स लोकेटर आहे, त्यात तुमच्या झिपकोडभोवतीच्या इमारती दिसतील. काउंटीच्या ऑफिस ऑन एजिंगकडे छापील यादीही असते. २११ या मदतीच्या हेल्पलाइनला फोन केलात तरी सांगतात. एक-दोन ठिकाणी टाकून बसू नका, वीस ठिकाणी टाका. अर्जाला पैसे पडत नाहीत. सेक्शन ८ च्या अर्जाचे पैसे मागणारी कुठलीही वेबसाइट खोटी समजा.

फ्लॅट आणि भारतवारी दोन्ही मोठे विषय आहेत. रात्री लिहितो.

---

टेक्सासी_तात्या

कुणाला राग आला तर येवो. मुलगी-जावई नोकरीला, स्वतःचं घर, आणि आई-वडिलांचं भाडं सरकारने भरायचं? तुम्ही त्यांना आणताना आय-८६४ या हमीपत्रावर सही केली ना, की यांचा भार सरकारवर पडू देणार नाही? माझी आई शेवटपर्यंत आमच्याकडे होती. ही घरं ज्यांना कुणीच नाही अशांसाठी आहेत.

---

नंदिनी_क

तात्या, सही केली होती आणि पाळलीही. ती जबाबदारी ते सिटिझन होईपर्यंत किंवा त्यांच्या खात्यात कामाची चाळीस क्वार्टर्स (तिमाही) जमेपर्यंत असते. आता ते माझ्याइतकेच या देशाचे नागरिक आहेत. आणि बाबांना आमच्याकडे राहायचं नाही, हे मी कुणाला कसं सांगू? रागाने नाही, त्यांना नको आहे एवढंच.

---

मालती_आजी

नमस्कार. मी ७८ वर्षांची आहे आणि अशाच एका इमारतीत राहते, म्हणून लिहिते. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

तात्यांना एवढंच सांगेन की मुलाच्या घरी मी अतिशय सुखात होते, आणि दिवसभर एकटी होते. सकाळी आठला सगळे बाहेर, संध्याकाळी सहाला परत. गाडी येत नाही, फुटपाथ नाही, शेजारी कोण ते ठाऊक नाही. इथे खाली हॉल आहे, मंगळवारी दुकानाची बस येते. आमच्या मजल्यावर दोन गुजराती, एक कोरियन, एक पोलिश बाई आणि मी. कोरियन आजीबाई आमच्याकडून रमी शिकून घेतात, म्हणजे आम्ही त्यांना शिकवतो आणि त्या जिंकतात. मुलगा रविवारी येतो तेव्हा पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसतो. तो पाहुणा असतो आणि चहा मी करते!

त्रास सांगायचा तर फोडणीचा. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलतो. आधी खिडकी, मग पंखा, मग तेल, हा क्रम पाठ झाला आहे. वर्षातून एकदा घराची तपासणी होते. तेव्हा स्प्रिंकलरखाली खोकी रचलेली चालत नाहीत, दारामागे सामान चालत नाही. आपल्या लोकांना डबे-पिशव्या जपायची सवय असते, तिथे बोलणी बसतात.

यादीत मी चार वर्षांहून जास्त होते. दरवर्षी त्यांचं एक पत्र यायचं, "अजून घर हवं आहे का?" म्हणून. त्याला मुदतीत उत्तर दिलं नाही की नाव कापलं जातं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं पत्र ते पुण्याला असताना आलं, मुलाने जाहिरात समजून टाकून दिलं. नाव गेलं.

---

एडिसनकर

आजी, तुमची पोस्ट मी आमच्या सेंटरमध्ये वाचून दाखवणार आहे.

त्या पत्राबद्दल आणखी दोन शब्द, कारण मी बघतो त्यात सगळ्यात जास्त नावं इथेच कापली जातात. नंबर वरचा असो की खालचा, यादी साफ करताना उत्तर न देणारे जातात. म्हणून पत्ता बदलला की जिथे जिथे अर्ज आहे त्या प्रत्येक ठिकाणी लेखी कळवायचं. एका ठिकाणी कळवलं म्हणून दुसऱ्याला समजत नाही. अर्जासोबत एक जोडफॉर्म असतो, ज्यात संपर्कासाठी मुलाचं किंवा मुलीचं नाव देता येतं. ९२००६ असा त्याचा नंबर आहे. तो भराच, पत्राची एक प्रत तुमच्याकडेही यायला मदत होते. आजारपण किंवा अपंगत्वामुळे उत्तर राहिलं असेल तर 'रीझनेबल अकोमोडेशन' म्हणून नाव परत लावायची विनंती करता येते. डॉक्टरचं पत्र जोडा.

नावाचा घोळही टाळा. आपल्याकडे आईच्या पासपोर्टवर मधलं नाव बाबांचं, सोशल सिक्युरिटीवर ते गायब, बँकेत आडनाव आधी. सगळ्या अर्जांवर ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्वाच्या दाखल्यावर आहे तसंच नाव लिहा. जन्मतारखेचंही तेच. त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस शाळेच्या मास्तरांनी १ जूनला लावलेला आहे. खरी तारीख वेगळी असली तरी कागदावरची सोडू नका.

आता फ्लॅट.

पुण्यातली मालमत्ता पुण्यात आहे म्हणून मोजत नाहीत, असं नाही. ती मोजतात. भाडं आणि पेन्शन हे डॉलरमध्ये बदलून उत्पन्नात धरतात. फ्लॅटची किंमत, एफडी, पोस्टातलं, सगळं मालमत्तेत. पूर्वी मालमत्तेला वरची मर्यादा नव्हती, फक्त तिच्यावरचं उत्पन्न धरायचे. २०१६ च्या कायद्याने सेक्शन ८ आणि पब्लिक हाउसिंगला (ऑथॉरिटीच्या स्वतःच्या इमारतींना) एक लाख डॉलरची मर्यादा आणली, जी महागाईप्रमाणे थोडी थोडी वाढते. शिवाय, राहण्याजोगं घर स्वतःच्या मालकीचं असेल, तिथे राहण्याचा आणि ते विकण्याचा कायदेशीर अधिकार असेल, तर मदत नाही असाही नियम आला. घर इतकं लांब आहे की राहणं शक्यच नाही, अशा परिस्थितीला त्यात सूट आहे. पण कोथरूडचा फ्लॅट त्यात बसतो का, हे त्या ऑफिसला लेखी विचारावं लागेल. हे नियम कुठे कधीपासून लागू होणार हेही कार्यक्रमागणिक वेगळं आहे, त्यामुळे शेजारणीला जे उत्तर मिळालं ते तुम्हाला मिळेलच असं नाही.

वडिलोपार्जित जमीन असेल आणि सातबाऱ्यावर बारा चुलतभावांची नावं असतील, तर गोष्ट वेगळी. एकट्याने विकायचा अधिकारच नसेल तर ती या हिशेबातून वगळता येते. सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जवळ ठेवा. आयुष्यात पहिल्यांदा सामाईक सातबाऱ्याचा फायदा होईल.

---

पिंपळपान

एवढं कशाला? फ्लॅट बक्षीसपत्राने मुलीच्या नावावर करून टाका. भारतातलं कोण बघायला जातंय?

---

एडिसनकर

पिंपळपान, असले सल्ले देऊ नका हो.

पहिलं म्हणजे, अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत बाजारभावापेक्षा कमी किमतीला दिलेली मालमत्ता तुमचीच धरून मोजतात. बक्षीसपत्र म्हणजे शून्य किंमत, म्हणजे फ्लॅटची किंमत दोन वर्षं बाबांच्याच खात्यात. फॉर्मवर तसा थेट प्रश्न असतो. दुसरं, लपवलं आणि सापडलं तर मिळालेली मदत परत भरावी लागते, घर जातं, आणि खोट्या माहितीवर सही केल्याचा गुन्हा वेगळा. पंच्याहत्तरीच्या माणसाला या भानगडीत घालायचं?

बाकी नंदिनीताई, फ्लॅट ६०-७० लाखांचा असेल तर आजच्या दराने तो एक लाख डॉलरच्या आतच बसतो. सोबत एफडी किती आहेत ते बघा. खरं सांगूनही काम होण्यासारखं आहे.

एसएसआयचा (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना केंद्राकडून दरमहा मिळणाऱ्या रोख मदतीचा) विचार असेल तर मात्र हा फ्लॅट आडवा येईल. तिथे जोडप्याला मालमत्तेची मर्यादा फक्त ३,००० डॉलर आहे. राहतं घर वगळतात, पण पुण्यातलं भाड्याने दिलेलं घर राहतं नाही.

---

संध्या_बे_एरिया

छान धागा. कॅलिफोर्नियातून थोडी भर.

"अफोर्डेबल सीनियर" अशी पाटी असलेल्या सगळ्या इमारती तीस टक्केवाल्या नसतात. बऱ्याच टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे करसवलतीच्या मदतीने बांधलेल्या असतात. तिथे भाडं तुमच्या उत्पन्नावर नाही, त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांवर असतं. बाजारापेक्षा कमी, पण ठरलेलं. आणि उत्पन्नाची वरची मर्यादा असते तशी खालचीही असते, साधारण भाड्याच्या दुप्पट किंवा अडीचपट. माझ्या सासूबाईंनी उत्पन्न कमी म्हणून अर्ज केला आणि उत्पन्न फारच कमी म्हणून नाकारला गेला! हसावं की रडावं कळेना. व्हाउचर हातात असेल तर ही अट सहसा अडवत नाही. फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : भाडं उत्पन्नावर आहे की फिक्स?

नंदिनी, तुझ्या बाबतीत अडीचशे डॉलरमध्ये दोघं जगणार कसे, हे ऑफिसातले विचारणारच. तू दरमहा ठरावीक रक्कम देणार असशील तर ती उत्पन्नात धरतात. समज, तू ८०० दिलेस. मग उत्पन्न १,०५०. ज्येष्ठांची वर्षाची ४०० डॉलरची जुनी वजावट धरली तर भाडं तीनशेच्या आसपास पडेल. नव्या नियमात वजावट थोडी जास्त आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, उलट "कशावर जगता" याचं उत्तर कागदावर राहतं. फोनचं बिल तू भरतेस, तेही विचारलं तर सांग.

अजून एक. दुसऱ्या राज्यातल्या याद्या उघडतात तेव्हा तिथे अर्ज करता येतो, तिथे राहायची अट नसते. पण स्थानिकांना प्राधान्य असतं, आणि मिळालं तरी बाहेरच्या अर्जदाराला पहिलं वर्ष त्याच ऑथॉरिटीच्या हद्दीत काढायला लावू शकतात. व्हाउचर घेऊन लगेच न्यू जर्सीला येता येईल असं धरून चालू नका.

---

गिरगावकर

अवांतर : आमच्या चाळीतले एक कुटुंब संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरात गेलं तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता. आता त्या मुलाचा मुलगा शाळेत आहे आणि बृहतसूचीत, म्हणजे कायमच्या घराच्या यादीत नाव लागायची वाट बघणं चालूच आहे. तुमची चार वर्षं वाचून हेवा वाटला. चालू द्या.

---

चहाबाज

एक मूर्खासारखा प्रश्न. आमचं बेसमेंट स्वतंत्र आहे, वेगळं दार, वेगळं किचन, परवानगीसह. आई-बाबांना व्हाउचर मिळालं तर ते आमचेच भाडेकरू होऊ शकतात का?

---

संध्या_बे_एरिया

नाही. आई-वडील, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं, भाऊ-बहीण यांच्या मालकीच्या घरात व्हाउचर चालत नाही. अपंगत्वासाठी ते घरच सोयीचं आहे हे ऑथॉरिटीने मान्य केलं तरच अपवाद. प्रश्न मूर्खासारखा नाही, दर महिन्याला कुणीतरी विचारतंच.

---

टेक्सासी_तात्या

मालतीबाईंची पोस्ट वाचली. माझं मत पूर्ण बदललं नाही, पण "दिवसभर एकटी होते" हे वाक्य लागलं. असो.

माहिती म्हणून सांगतो. आमच्या टेक्सासात घरमालक "व्हाउचर घेत नाही" असं तोंडावर सांगू शकतो. शहरांनी याविरुद्ध नियम करू नयेत असा कायदाच २०१५ मध्ये झाला, माजी सैनिकांपुरता अपवाद सोडून. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात उलट आहे, तिथे केवळ व्हाउचर आहे म्हणून नाकारणं बेकायदा. व्हाउचर मिळाल्यावर घर शोधायला निदान साठ दिवस देतात. मुदतवाढ मागायची तर मुदत संपायच्या आत, लेखी. माझ्या मित्राच्या सासऱ्यांचं व्हाउचर हातात असून घर न मिळाल्यामुळे परत गेलं.

---

एडिसनकर

तात्या, हे सांगितलंत ते बरं झालं.

राहिली भारतवारी. चार-पाच महिने हा आकडा अडचणीचा आहे. व्हाउचरवर असाल तर सलग १८० दिवसांहून जास्त घराबाहेर राहता येत नाही, ऑथॉरिटी याहूनही कमी ठरवू शकते. इमारतींच्या हाउस रूल्समध्ये तर मर्यादा बरीच खाली, साठ दिवसांवरही असू शकते. जाण्याआधी ऑफिसला लेखी कळवायचं, भाडं चालू ठेवायचं, परतीचं तिकीट दाखवायची तयारी ठेवायची. एसएसआय घेणाऱ्यांना तर तीस दिवस देशाबाहेर राहिलं की ती थांबते, आणि परत आल्यावर सलग तीस दिवस इथे काढल्याशिवाय सुरू होत नाही. तेवढ्यापुरता घरात दुसरा माणूस ठेवून भागेल असंही नाही. लीजवर ज्यांची नावं त्यांनीच राहायचं, पुतण्याला "जरा बघ" म्हणून ठेवलंत तर ते लीजचं उल्लंघन.

म्हणून बाबांशी आधी हेच बोला. पाच महिने पुणं सोडायचं नसेल तर हे घर त्यांच्यासाठी नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

---

शारदा_सिअ‍ॅटल

ज्यांचे पालक अजून ग्रीनकार्डवर आहेत त्यांच्यासाठी : ग्रीनकार्डधारक सेक्शन ८ ला पात्र असतात. व्हिजिटर, एच-१बी, एच-४ नाहीत.

लोकांना भीती असते ती पब्लिक चार्जची, म्हणजे सरकारवर भार ठरण्याची. २०१९ च्या नियमात ही भाडेमदत विरोधात मोजायचे. तो २०२१ मध्ये गेला. २०२२ च्या नियमाने ती मोजायची नाही असं ठरलं, आणि तोही मागे घेण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. म्हणजे हा लंबक थांबलेला नाही. ही कसोटी मुख्यतः ग्रीनकार्ड मिळवताना लागते, नागरिकत्वाच्या अर्जाला नाही. पण ग्रीनकार्डवाला १८० दिवसांहून जास्त बाहेर राहून परत आला तर त्याला नव्याने प्रवेश मागणारा धरू शकतात, आणि तिथे हा प्रश्न निघू शकतो. अशांनी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय फॉर्म भरू नये. नंदिनी, तुझे पालक सिटिझन आहेत, तुला ही काळजी नाही.

---

नंदिनी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना बसवून सगळा धागा वाचून दाखवला. पुण्याबद्दल ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईच म्हणाली, "सहा आठवडे पुरे. थंडीत तिथे तरी काय करतो आपण, लग्नं जेवतो." तर ते ठरलं.

फोन सुरू केलेत. एका ऑफिसात यादी उघडी आहे, पण फॉर्म स्वतः येऊन न्या म्हणाले. एका ठिकाणी यादी बंद, पुन्हा कधी उघडणार सांगत नाहीत, "स्थानिक पेपरात जाहिरात देतो" म्हणे. एकीने विचारलं, स्टुडिओ चालेल की वन बेडरूमच हवं? मी गडबडले. दोघांना स्टुडिओ म्हणजे अगदीच खोली नाही का? आणि एका बाईंनी सांगितलं की नंबर पुढे असला तरी मागच्याला आधी बोलावू शकतो. हा काय प्रकार?

---

एडिसनकर

मागच्याला आधी बोलावणं यात काळंबेरं असेलच असं नाही. प्रोजेक्ट-बेस्ड सेक्शन ८ च्या इमारतींना वर्षभरातल्या नव्या भाडेकरूंपैकी ४० टक्के अगदी कमी उत्पन्नाचे घ्यावे लागतात, व्हाउचरमध्ये हेच प्रमाण ७५ टक्के आहे. ते भरायचं असेल तर मधले नंबर ओलांडतात. शिवाय बेघर, माजी सैनिक, त्या गावात राहणारे, अशी प्राधान्यं असतात. चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेलं घर त्याची गरज असणाऱ्याला आधी जातं. प्रत्येक इमारतीचा 'टेनंट सिलेक्शन प्लॅन' असतो, मागितला तर दाखवतात. त्यात हे सगळं लिहिलेलं असतं, आणि आलेलं घर किती वेळा नाकारता येतं तेही. बहुतेक ठिकाणी एक-दोनदा नाही म्हटलं की नाव तळाला किंवा बाहेर. त्यामुळे जी इमारत बघूनच नको वाटते, तिथे अर्ज टाकू नका.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी देतात, आणि त्यावर दाद मागायची मुदत पत्रातच असते. ती थोडी असते. पत्र आल्या दिवशी वाचा.

---

मालती_आजी

नंदिनी, स्टुडिओच्या यादीत कमी लोक असतात, म्हणून काही ठिकाणी ती लवकर सरकते. पण जोडप्याला स्टुडिओ देतात की नाही ते आधी विचार. आणि एकदा आत गेलं की त्याच इमारतीत मोठ्या घरात बदली मिळायला पुन्हा वेगळी यादी असते, तिथेही वर्षं जातात. तुझे बाबा घोरतात का, ते आईला विचारून मग ठरव.

---

नंदिनी_क

आजी, घोरतात. वन बेडरूमवर खूण केली.

उद्या दोन ऑफिसांत फॉर्म आणायला जाते आहे, बाबा बरोबर येतो म्हणालेत. ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड, बँकेची स्टेटमेंट, पेन्शनचं पत्र आणि फ्लॅटचा भाडेकरार एवढं घेऊन जाते. भाडेकरार मराठीत आहे, त्याचं भाषांतर कोण करून देतं? नोटरी लागेल का?

---

संध्या_बे_एरिया

आमच्याकडे अर्जाच्या वेळी हे काहीच मागितलं नव्हतं, नुसता फॉर्म घेतला. कागद नंबर वर आल्यावर बघतात. तेव्हा ताजी स्टेटमेंट लागतील, आत्ताची जुनी होतील. भाषांतराचं त्याच ऑफिसला विचार. आम्हाला भाषांतर करणाऱ्याच्या सहीचं "दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे" असं पत्र पुरलं होतं. घरच्याच माणसाने केलेलं चालत नाही म्हणाले, म्हणून मैत्रिणीकडून करून घेतलं. तुला हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) कर, मी करून देते. फॉर्म देताना मात्र त्यांच्याकडून तारीख-वेळेचा शिक्का मारलेली प्रत मागून घे.